घाटात ब्रेक मंदावतात तेव्हा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला यायचं, तर गाडी चाळीसेक किलोमीटरमध्ये बाराशे मीटरपेक्षा जास्त खाली उतरते. आत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि स्ट्रॉबेरीचे खोके. प्रतापगडाचा फाटा मागे पडतो, चाकांकडून जळकट वास येऊ लागतो आणि एखाद्या वळणावर जाणवतं, की नेहमीइतकं पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. खाली पोचून चहा होईपर्यंत ब्रेक पुन्हा ठीक झालेले असतात. घरी आल्यावर गॅरेजवाला पॅड बघतो आणि ‘अजून चालतील’ म्हणतो, किंवा न बघताच नवे टाकतो. दुखणं पॅडचं नसेलच, तर दोन्हींचा उपयोग नाही.

आधी हिशेब. हॅचबॅक गाडी माणसं-सामानासकट १४०० किलो धरा आणि उतार १२०० मीटरचा. एवढ्या उंचीवरून खाली येताना सुमारे साडेसोळा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी खपवावी लागते. महावितरणच्या बिलात मोजली तर साडेचार युनिट. तीच गाडी ताशी ८० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर साधारण ०.३५ मेगाज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे घाट उतरणं हे ऐंशीच्या वेगावरून जवळजवळ ४७-४८ वेळा थांबण्यासारखं आहे, तेही तासा-दीड तासात. यातला काही भाग टायर आणि हवेच्या विरोधात जातो, काही इंजिन शोषतं. उरलेला सगळा भार ब्रेकवर, आणि त्यातलाही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाचा वाटा शून्य होतो आणि तोही ब्रेकच्या गळ्यात पडतो.

उष्णतेने ब्रेक दोन निराळ्या प्रकारे मंदावतात. पहिल्या प्रकारात पॅड तापतात. रोजच्या वापरासाठी बनवलेल्या साध्या पॅडची पकड साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे घसरू लागते. लायनिंगमधली रेझिन जळते, तिचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये सुटतो आणि घर्षण कमी होतं. दुसऱ्या प्रकारात पॅडची उष्णता पिस्टनमधून मागे जाऊन कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळवते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी वाफेचे बुडबुडे चेपण्यात संपतो.

या दोन्हींतला फरक पायाला कळतो. पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, नेहमीच्याच उंचीवर अडतंय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ लागतंय, स्पंजसारखं दबतंय, पार खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. ही एवढी एकच गोष्ट गाडीत बसलेल्या माणसाने लक्षात ठेवून गॅरेजमध्ये सांगितली, तर निम्मं निदान झालं. ‘ब्रेक लागत नव्हते’ या वाक्यातून मेकॅनिकला काहीच कळत नाही, कारण गाडी त्याच्यापर्यंत येते ती थंड होऊनच.

पहिला प्रकार दुसऱ्यापेक्षा बरा. पॅड तापले तरी जोरात दाबल्यावर थोडा तरी ब्रेक लागतो, आणि वास, धूर अशा सूचना आधी मिळतात. ऑइल उकळलं तर फारशी सूचना मिळत नाही. शिवाय त्यात एक फसवी गोष्ट आहे. गाडी चालू असताना चाकांना हवा लागते. थांबल्यावर ती बंद होते आणि डिस्क-पॅडमधली साठलेली उष्णता हळूहळू कॅलिपरमध्ये उतरते. त्यामुळे पेडल टपरीपाशी थांबताना ठीक असतं आणि दहा मिनिटांनी निघताना खाली जातं, असंही होतं. गरम ब्रेकवर थांबलात, तर निघण्यापूर्वी जागच्या जागी दोनदा पेडल दाबून पाहा.

घाटातच झालं तर

पेडल खाली गेलं तर ते भराभर वर-खाली पंप करा, थोडाफार दाब परत येतो. त्याचबरोबर गिअर एकेक करून खाली आणा. हॅन्डब्रेक हळूहळू ओढा, एकदम खेचलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांमध्ये ते बटण ओढून धरलं, की गाडी स्वतःच आटोक्यात थांबते. तुमच्या गाडीत ते कसं चालतं, हे माहितीपुस्तकात आधीच वाचून ठेवा. हॉर्न, चारही इंडिकेटर चालू, आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला. इंजिन मात्र बंद करायचं नाही. बंद केलं तर ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर उरतो, स्टिअरिंग जड होतं आणि किल्ली काढली तर ते लॉकही होऊ शकतं.

थांबल्यावर गरम चाकांवर पाणी ओतू नका. लोखंडी डिस्क किंवा ड्रम एकदम थंड झाला तर वाकतो, कधी तडकतो. हॅन्डब्रेकही लगेच ओढून ठेवू नका, गरम ड्रमवर शू दाबून राहिले तर चिकटतात. इंजिन बंद करून गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या. वास गेला, पेडल घट्ट झालं, की कमी गिअरमध्ये सावकाश उतरा. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल नव्यासारखं लागतं. याला दुरुस्ती समजू नका. ऑइलमधलं पाणी तिथेच आहे, पुढच्या उतारावर ते पुन्हा उकळणार.

घरी आल्यावर

गाडी सपाट जागी, इंजिन चालू, ब्रेक थंड. पेडल मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधले रबरी कप आतल्या आत ऑइल सोडताहेत. पहिल्या दाबाला खाली जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, किंवा मागच्या ड्रममधले शू लांब गेलेत. आता इंजिन बंद करा, पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, शेवटचा दाब तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा. बूस्टर गेलेली गाडीही ‘पेडल दगडासारखं आणि ब्रेक नाही’ अशीच वाटते. फरक एवढाच, की ती सकाळी निघतानाही तशीच वाटते, घाटाची वाट बघत नाही.

मग बॉनेट उघडून ऑइलची टाकी पाहा. पातळी खाली गेली असेल तर लगेच वरून भरू नका. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी थोडी उतरते, ते स्वाभाविक आहे. पण पॅड जाड असून पातळी खाली असेल, तर ऑइल बाहेर जातंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसतं का, ते बघा. ताजं ऑइल फिकट पिवळसर असतं, जुनं काळपट तपकिरी होतं. मात्र रंग चांगला म्हणून ऑइल चांगलं असं होत नाही, त्यात शिरलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच ऑइलकडे. इंजिन ऑइल लोक तारखेवर बदलतात, वर ब्रँडवरून वाद घालतात. ब्रेक ऑइल मात्र गाडी विकेपर्यंत तेच. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं, टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनही. कोकणात किंवा मुंबईत ते काम पावसाळा आणखी लवकर करतो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं, की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात, गाडी कमी चालली असली तरी. उभ्या गाडीतलं ऑइलही पाणी पितंच.

आता चाकं. साधा फेरफटका मारून या, वाटेत ब्रेक कमीत कमी वापरा आणि आल्यावर चारही चाकांच्या जवळ हात न्या, लावू मात्र नका. एकच चाक शेजारच्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर अडकलाय, किंवा हॅन्डब्रेकची केबल पूर्ण सुटत नाही. असा ब्रेक दिवसभर थोडा लागलेलाच राहतो आणि घाटात सगळ्यात आधी तोच तापतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण कोरोनाच्या काळात घरोघरी आला तो कपाळावरचा नको. तो तापाच्या आकड्यांपुढे जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो घ्या.

गाडी जॅकवर घेऊन चाक काढायचं, तर जमीन कडक आणि सपाट हवी. दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड आणि गाडीखाली जॅकशिवाय वेगळा स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. पॅडवरच्या लायनिंगची जाडी बघा, नवं असताना ती साधारण १०-१२ मिलिमीटर असते, तीनवर आली की बदलायची. आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये झीज फार वेगळी असेल तर कॅलिपरच्या स्लाइड पिन जाम आहेत. पॅडचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत, कडेला भुरभुरीत किंवा तडे गेलेला असेल, तर तो जळालाय. डिस्कवर निळसर-जांभळे डाग दिसले, तर ती खूप तापून गेलीय. डाग आहेत म्हणून ती बाद होत नाही, पण बारीक तडे काठापर्यंत गेले असतील, किंवा जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याखाली असेल, तर बदलावी लागते. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, त्यामागे बहुधा डिस्कच्या जाडीत आलेला असमानपणा असतो. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला असतो, नुसत्या नजरेला कळत नाही.

मागच्या ड्रमकडे कोणी बघत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. तापला की ड्रम पसरतो, शूपासून लांब जातो आणि पेडलचा प्रवास वाढतो. आत शू आपोआप जुळवणारी यंत्रणा धुळीने अडकली असेल तर हा फरक आणखी मोठा. मागचे शू नीट जुळवल्यावर पेडल बोटभर वर आल्याचा अनुभव अनेकांना येतो आणि पुढे काहीच बदलावं लागत नाही. ड्रम काढलाच आहे, तर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचलून बघा. आत ओलं असेल तर सील गेलेत. ऑइल लागलेले शू पेट्रोलने धुवून परत बसवण्याची पद्धत रस्त्याकडेच्या दुकानांत अजून आहे. ती ऐकू नका. लायनिंगमध्ये मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं.

दुरुस्ती

थोडासाच चकाकलेला पॅड पॉलिश पेपरने घासून चालवता येतो, तेही सपाटीवर चालणाऱ्या गाडीसाठी. घाटात जाणाऱ्या गाडीत जळालेले पॅड बदललेलेच बरे, आणि नेहमी एका अॅक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम. इथे स्वस्तात जाऊ नका. लोकल पॅड शहरात ठीक थांबवतात आणि तापल्यावर लवकर सोडून देतात, म्हणजे नेमकं तुमचं दुखणं. दुसऱ्या टोकाला रेसिंगचे पॅडही नकोत, थंड असताना त्यांची पकड कमी असते आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर ते लागत नाहीत. गाडीच्या कंपनीचे किंवा तिला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचे पॅड पुरेसे आहेत.

पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. स्लाइड पिन बाहेर काढून स्वच्छ करा आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं, तर रबर फुगतं आणि चार महिन्यांत पिन पुन्हा जाम होते. पिस्टन आत ढकलण्यापूर्वी टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते वरून सांडतं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. बोल्ट माहितीपुस्तकातल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळा.

पेडल मऊ झालं होतं, तर ऑइल बदलायलाच हवं. टाकीच्या झाकणावर लिहिलेला दर्जा घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ सहसा चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ हे नावाने जवळचं असलं तरी वेगळं, ते डॉट ४ च्याच कुळातलं. बाटली सीलबंद हवी. गॅरेजमधल्या फळीवर महिनोन्‌महिने उघडी पडलेली अर्धी बाटली म्हणजे पाणी मिसळलेलं ऑइल विकत घेणं. आणि टाकीत चुकूनही इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल जाऊ देऊ नका. थोडंसं गेलं तरी सगळी रबरं फुगतात आणि बिल मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत पोचतं.

ऑइल बदलण्याचं काम दोघांचं आहे. चाकाजवळच्या ब्लीडिंग निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा रिंग पान्याने निपल सैल करतो, ऑइल नळीतून येतं, निपल बंद होतं, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला तर हवा उलट आत जाते. नळीत स्वच्छ रंगाचं, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हेच. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. पुष्कळ गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण तुमच्या गाडीचा क्रम पुस्तकात बघा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. एरवी पिस्टन मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात कधी जात नाही, तिथल्या गंजावर घासून कप फाटण्याचा धोका असतो. एबीएसच्या पंपात हवा गेली असेल तर ती हाताने निघत नाही, स्कॅनर लागतो. तिथे सर्व्हिस सेंटरला पर्याय नाही.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. मात्र गॅरेजमध्ये उभं राहून जुनं ऑइल बाटलीत जमताना बघा. ‘ऑइल बदललं’ म्हणजे वरची टाकी पिचकारीने रिकामी करून नवं भरलं, असाही अर्थ काही ठिकाणी होतो. उकळतं ते कॅलिपरमधलं ऑइल, टाकीतलं नव्हे.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, कारण आत ढकललेले पिस्टन अजून पॅडपासून लांब असतात. हे विसरून रिव्हर्स टाकलेली गाडी थेट भिंतीवर जाते. मग मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड बसू द्या. ताशी पन्नास-साठवरून दहा-पंधरापर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर सोडून, असं आठ-दहा वेळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न मारता गाडी चालवून त्यांना थंड करा. नवे पॅड टाकून त्याच दिवशी घाटात जाऊ नका.

पुढचा उतार

पॅड आणि ऑइल कितीही चांगलं असलं, तरी ज्या गिअरमध्ये घाट चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात. फेरे लाल पट्टीच्या खाली असतील तर त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबून उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा मिळते. ऑटोमॅटिकमध्ये नुसत्या डी वर राहू नका, एल, एस किंवा मॅन्युअल मोड वापरा. न्यूट्रलने पेट्रोल वाचतं, ही समजूत आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटी आहे. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागतच राहतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार काही घाट म्हणण्याइतका नाही. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका जड वाहनाने बऱ्याच वाहनांना धडक दिली. जड वाहन आवरेनासं व्हायला सह्याद्रीचा कडा लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना हे सगळं जुन्या जमान्यातलं वाटेल, कारण त्यांचा उतार मोटरच आवरते आणि वर बॅटरी भरते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते, मोटरचा ब्रेक कमी होतो आणि नेहमीच्यापेक्षा जड अशी ती गाडी साध्या पॅडवर येते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावाल तेव्हा मर्यादा ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांवर ठेवा. पोलादपूरपर्यंत घाट त्यात आपली भर घालतो.